डेबिट नोटला जाब कोण विचारणार?

डेबिट नोट नावाचा कागद गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही. सुपरमार्केटला माल देणाऱ्याला तो दर महिन्याला दिसतो आणि बहुतेक वेळा पैसे खात्यात जमा झाल्यावरच दिसतो. बिल केलं होतं १ लाख ४० हजारांचं, आले १ लाख १२ हजार. मधले २८ हजार कशाचे कापले, ते त्या कागदावर तीन-चार ओळींत असतं: माल कमी भरला, मुदत संपलेला माल परत, ऑफरमधला वाटा, रॅकवरच्या जागेचं भाडं. यातलं किती खरं, कुणी मोजलं, परत केलेला माल आहे कुठे, हे विचारायला फोन लावला की खरेदी विभागातला मुलगा शांतपणे सांगतो, ‘सिस्टिममधून आलंय सर, हेड ऑफिसला मेल टाका.’

नागपूरजवळ कळमेश्वरकडे मसाल्याचं छोटं युनिट चालवणारे एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. त्यांचा हिशेब मी समोर बसून पाहिला. १०० रुपये छापील किमतीचं पाकीट ते सुपरमार्केटच्या साखळीला ७० रुपयांना देतात. इथपर्यंत तक्रार नाही. दुकान चालवायला खर्च येतो, ३० रुपये मार्जिन मागितलं तर ते धंद्याला धरून आहे. पण ७० चे हातात येईपर्यंत ६० होतात, कधी ५८. ऑफरचे काही, ‘व्हिजिबिलिटी’चे काही, रिटर्नचे काही. मिरची आणि धने घेताना मात्र त्यांना नागपूरच्या कळमना बाजार समितीत रोख मोजावी लागते. तिथे कुणी ‘सिस्टिम’चं नाव सांगत नाही. वरून जीएसटी भरायचा तो ७० च्या बिलावर आणि पुढच्या महिन्याच्या २० तारखेला, पैसे आलेले असोत वा नसोत. कापलेल्या रकमेवरचा कर परत हवा तर बिल कमी केल्याची क्रेडिट नोट यांनीच काढायची, म्हणजे जी कपात मान्य नाही ती लेखी मान्य करायची. वाद घालत बसलात तर न मिळालेल्या पैशांवरचाही कर खिशातून गेला. मी विचारलं, तक्रार का करत नाही? ते म्हणाले, ‘बोललो तं पुढची ऑर्डरच येणार नाही, भाऊ. बारा बाया कामाले आहेत माह्याकडे.’

या उत्तरात सगळा प्रश्न आला आहे. सुपरमार्केट आणि स्पर्धा हा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा हमखास ‘किराणा दुकानदाराचं काय होणार’ इथे जाते आणि तिथेच बसते. इतवारीतले व्यापारी मोर्चा काढतात, ग्राहक म्हणतो मला स्वस्त मिळतंय, संपलं. मला दोन्ही बाजूंपेक्षा तिसऱ्या माणसाची बाजू मांडायची आहे. सुपरमार्केटवर बंदी नको, दुकानं उघडण्यावर कोटा नको, दहा मिनिटांत सामान पोचवणारी ॲप्स बंद करा असंही मी म्हणत नाही. पण मोठा खरेदीदार आणि लहान पुरवठादार यांच्यातल्या कराराला एक सक्तीची आचारसंहिता हवी आणि तक्रारदाराचं नाव न फोडता ती राबवणारा अधिकारी हवा. आणि हे साखळ्या अजून फार मोठ्या झालेल्या नाहीत तोवर व्हायला हवं.

‘स्पर्धा कायदा आहे ना’ असं कुणीतरी म्हणेलच. आहे, २००२ सालचा. त्याच्या कलम ४ मध्ये बाजारातल्या प्रबळ स्थानाचा गैरवापर करायला मनाई आहे. पण आधी ते स्थान प्रबळ आहे हे सिद्ध व्हावं लागतं. देशातल्या किराणा धंद्याचा फार मोठा हिस्सा आजही गल्लीतल्या दुकानांकडे आहे. त्यामुळे कुठलीही एक साखळी ‘प्रबळ’ ठरत नाही. दोन-तीन साखळ्या मिळून बाजार दाबत असतील, तर वेगवेगळ्या मालकांच्या कंपन्यांचं एकत्रित प्राबल्य आपला कायदा मानतच नाही. उरतं कलम ३, पुरवठा साखळीतल्या करारांबाबतचं. तिथे स्पर्धेवर लक्षणीय प्रतिकूल परिणाम झाला हे दाखवावं लागतं. कळमेश्वरच्या एका मसालेवाल्याचे २८ हजार कापले गेल्याने भारतातली स्पर्धा बिघडली, हे दिल्लीतल्या स्पर्धा आयोगापुढे कोण आणि कसं सिद्ध करणार? आयोगाचाही यात दोष नाही. त्याला दिलेलं हत्यारच दुसऱ्या कामाचं आहे.

चूक आहे ती मोजमापात. विकणाऱ्याची ताकद बाजारातल्या हिश्शावरून मोजतात. घेणाऱ्याची ताकद तशी मोजून चालत नाही. ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने २००० साली सुपरमार्केटांची मोठी चौकशी केली, तेव्हा देशातल्या किराणा खरेदीपैकी ८ टक्के खरेदी करणाऱ्या साखळीकडेही पुरवठादाराला वाकवण्याइतकी ताकद असते, असा निष्कर्ष काढला. फक्त ८ टक्के! कारण उघड आहे. साखळीच्या रॅकवर मसाल्याचे तीस ब्रँड असतात; एक गेला तर गिऱ्हाईक दुसरा उचलतं. मसालेवाल्याचा ४० टक्के माल मात्र त्या एका साखळीत जात असतो. ती ऑर्डर गेली की युनिटचं शटर अर्ध्यावर येतं. साखळीचा देशातला हिस्सा किती, या आकड्याला त्या टेबलावर काही अर्थ नसतो.

यावर अर्थशास्त्रातलं ठरलेलं उत्तर असं की, पुरवठादाराला दाबून का होईना, ग्राहकाला स्वस्त मिळतं ना, मग कायद्याने मध्ये का पडावं. हे अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्या खऱ्याला मी कमी लेखत नाही. महिन्याचा किराणा भरताना वाचलेले पाचशे-सातशे रुपये मानेवाडा किंवा जरीपटक्यातल्या घरात खरोखर मोजले जातात. पण साखळीने कापलेले पैसे पुरवठादार कुठून तरी काढतोच. पाण्याच्या गादीवर एका बाजूला बसलं की ती दुसऱ्या बाजूला फुगते, तसा तो भार ज्याची घासाघीस करायची ऐपत नाही त्याच्यावर जातो, म्हणजे लहान दुकानदारावर. तोच माल साखळीला ७० ला आणि मस्कासाथमधल्या होलसेलरला ७८ ला. मग दुकानदार महाग विकतो आणि आपण म्हणतो, किराणावाले लुटतात. २०२२ च्या जानेवारीत महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या काही मालाचा पुरवठा थांबवला होता, तो याच रागातून: मोठ्या घाऊक कंपन्यांना वितरकापेक्षा कमी भावात माल का, हा प्रश्न होता. म्हणजे पुरवठादाराशी होणारी वागणूक आणि बाजारातली स्पर्धा हे दोन विषय नाहीतच. आणि जो भार दुकानदारावरही ढकलता येत नाही तो पाकिटात उतरतो: मिरचीची प्रत उतरते, बाया कमी होतात, मजुरी थकते.

दुसरं उत्तर मिळतं ते लघुउद्योग कायद्याचं. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी २००६ साली झालेला कायदा वाचला तर छाती फुगते. करार काहीही असो, सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. दाद मागायला फॅसिलिटेशन कौन्सिल, निकाल ९० दिवसांत अपेक्षित, आणि निकालाला आव्हान द्यायचं तर ७५ टक्के रक्कम आधी भरायची. त्यात २०२४ च्या १ एप्रिलपासून आयकराची मेख बसली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर ते देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च वजा धरता येत नाही. कागदावर यापेक्षा कडक काय हवं?

पण हा कायदा पाहतो ते घड्याळाकडे. पैसे कधी दिले एवढंच तो विचारतो. काय म्हणून कापले, हे त्याच्या चौकटीत नीट बसत नाही. खरेदीदार म्हणतो, मी ४५ दिवसांत जे देणं लागत होतो ते दिलं. बाकीचं देणंच नव्हतं, ही बघा डेबिट नोट. घड्याळ कडक केलं की कात्री जास्त चालते, असा माझा संशय आहे. नवीन माल रॅकवर घ्यायची लिस्टिंग फी, न खपलेला माल परत, स्टोअरमध्ये चोरी झाली तरी त्याचा वाटा पुरवठादाराकडून, ऑफर साखळीने ठरवायची आणि भरपाई पुरवठादाराने द्यायची, यांपैकी एकालाही ४५ दिवसांचा नियम हात लावत नाही.

शिवाय त्या कायद्याच्या छत्रीखाली कोण उभं आहे तेही पाहा. व्यापाऱ्याला २०२१ पासून लघुउद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरती. ४५ दिवसांचं संरक्षण त्याला नाही. म्हणजे इतवारीतून साखळीला डाळ-तांदूळ पुरवणारा स्टॉकिस्ट बाहेर. आणि शेतकरी? तो तर कायद्याच्या लेखी उद्योगच नाही.

संत्र्याचं पाहा. काटोल-नरखेडचा बागायतदार साखळीच्या संकलन केंद्रावर माल नेतो. भाव कळमन्यापेक्षा बरा सांगितलेला असतो आणि तो खराही असतो, निवडलेल्या फळापुरता. तिथे ग्रेडिंग होतं. आकार हवा, रंग हवा, सालीवर कोळशीचा काळा थर नको. आत फळ गोड असलं तरी साल काळवंडली की बाजूला. शंभर क्रेट नेले, साठ घेतले, चाळीस परत गाडीत. आता दुपार झालेली, कळमन्यातला सकाळचा लिलाव उरकलेला. चाळीस क्रेट मिळेल त्या भावाने द्यायचे नाहीतर भाडं भरून घरी न्यायचे. निवड करायला माझी हरकत नाही. चांगला माल हवा असणं हा गुन्हा नाही. हरकत याला आहे की किती माल घेणार, कोणत्या निकषावर नाकारणार आणि नाकारलेल्याचा धोका कोणाचा, यातलं काहीही आदल्या दिवशी लेखी नसतं. बाजारात फळं कमी असली की तीच कोळशी चालून जाते. ग्रेडिंगचे नियम आवक पाहून बदलतात, असं बागायतदार उगाच म्हणत नाहीत.

आणि या माणसाने जावं कुणाकडे? २०१६ साली राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. तेव्हा मला तो निर्णय पटला होता, आजही पटतो. अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची हेही त्याच वेळी ठरलं. पण नियमन काढलं त्या जागी दुसरं काही ठेवलं नाही. समितीच्या आवाराबाहेरच्या व्यवहारात परवाना नाही, हमी नाही, वाद सोडवायला कुणी नाही. २०२० च्या केंद्राच्या व्यापार कायद्यात निदान पैसे त्याच दिवशी किंवा तीन कामाच्या दिवसांत द्यायची अट होती आणि वाद उपविभागीय अधिकाऱ्याकडे जाणार होता. ती यंत्रणा तोकडीच होती, पण तिन्ही कृषी कायदे मागे घेतले गेले तेव्हा तीही गेली, आणि नंतर तिच्याबद्दल कुणी तोंडही उघडलं नाही.

साखळी बुडली तर काय होतं, हेही आपण पाहिलं आहे. बिग बझार चालवणारी फ्युचर रिटेल २०२२ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली आणि २०२४ मध्ये ती अवसायनात काढायचा, म्हणजे मालमत्ता विकून गुंडाळायचा, आदेश झाला. अशा वेळी आधी तारण असलेल्या बँका. माल उधार देणाऱ्याचा नंबर खूप मागे. बरं, पुरवठादाराने स्वतः आधीच दार ठोठवावं म्हटलं तर २०२० च्या मार्चपासून दिवाळखोरीचा अर्ज करायला किमान थकबाकी १ कोटी लागते. त्याआधी ती १ लाख होती. १५-२० लाख अडकलेला पापडवाला त्या दारात उभाच राहू शकत नाही. थोडक्यात, साखळी वाढते ती पुरवठादाराच्या उधारीवर. बुडते तेव्हाही त्याच्याच. हे बिनव्याजी भांडवल देणाऱ्याला सावकाराइतकेही हक्क नाहीत.

पैसे वेळेवर देऊन स्वस्त विकता येत नाही, असं मात्र कुणी सांगू नये. डीमार्टचा धंदाच त्यावर उभा आहे: पुरवठादाराला आठवडा-दहा दिवसांत पैसे मोकळे करायचे आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा. भाव घासून घेणं हा व्यापार झाला. माझा आक्षेप भाव ठरल्यानंतर होणाऱ्या कपातीला आहे.

ब्रिटनने यावर काय केलं ते पाहण्यासारखं आहे, कारण त्यांनी आधी चुकीचंच केलं. २००० च्या चौकशीनंतर त्यांनी एक आचारसंहिता आणली, पण ती राबवायला कुणी नव्हतं; पुरवठादाराने स्वतः पुढे येऊन भांडायचं होतं. अर्थातच कुणी आलं नाही. मग २०१० मध्ये कडक संहिता आली आणि २०१३ च्या कायद्याने तिच्यासाठी स्वतंत्र न्यायनिर्णायक अधिकारी नेमला. तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. एकाच्या तक्रारीवरून नव्हे, तर अनेकांकडून एकच प्रकार ऐकू आला की तो चौकशी सुरू करतो, त्यामुळे कोण बोललं हे साखळीला कळत नाही. २०१६ च्या जानेवारीत याच अधिकाऱ्याने टेस्को या तिथल्या सर्वांत मोठ्या साखळीने स्वतःचा नफा बरा दिसावा म्हणून पुरवठादारांचे पैसे मुद्दाम अडकवून ठेवले, असा निष्कर्ष जाहीर केला. दंड करता आला नाही, कारण उलाढालीच्या १ टक्क्यापर्यंत दंडाचा अधिकार त्या प्रकारानंतर मिळाला होता. तरी फरक पडला. २०१४ च्या पाहणीत ७९ टक्के पुरवठादारांनी काही ना काही जाच सांगितला होता, २०२१ मध्ये तो आकडा २९ टक्क्यांवर आला. तिथली सुपरमार्केटं काही बंद पडली नाहीत.

ऑस्ट्रेलियानेही आधी ऐच्छिक संहिता करून पाहिली. २०१५ ते २०२५ अशी दहा वर्षं घालवून १ एप्रिल २०२५ पासून ती सक्तीची केली. ऐच्छिक संहितेचा हा अनुभव आपण पुन्हा घ्यायची गरज नाही.

आपल्यासाठी मला ब्रिटनचा अधिकारी आणि युरोपीय संघाची शिडी, असं मिश्रण बरं वाटतं. संघाने २०१९ मध्ये जे निर्देश काढले त्यात संरक्षण दोघांच्या उलाढालीतल्या फरकावर ठरतं: पुरवठादार लहान आणि खरेदीदार त्याहून बराच मोठा असेल तेव्हाच नियम लागतो. हे फार महत्त्वाचं आहे. साबण आणि बिस्किटांच्या बड्या कंपन्या साखळीला स्वतःच वाकवू शकतात. त्यांना सरकारी छत्री कशाला? नाशवंत मालाचे पैसे ३० दिवसांत, नाशवंत मालाची ऑर्डर ऐनवेळी रद्द करायला बंदी, आधी लेखी न ठरलेली कपात अवैध. यात एक भर मी घालीन: डेबिट नोटसोबत पुरावा नसेल तर ती रक्कम थकबाकीच मानायची, म्हणजे २००६ च्या कायद्याचं तिप्पट व्याज तिला आपोआप लागेल.

हा नियम फक्त चकचकीत दुकानांना लावून चालणार नाही, हे मला कबूल आहे. बाजार समितीत कडता कापणारे काय कमी आहेत? वजनात दोन किलो सरसकट उडवणाऱ्या काट्याला ‘सिस्टिम’ही लागत नाही. ॲपवाले आहेतच; त्यांना तर कोणत्या वस्तीत कोणतं पाकीट किती खपतं हे रोज दिसतं आणि उद्या तसंच पाकीट त्यांच्या स्वतःच्या नावाने यायला वेळ लागत नाही. म्हणून नियम दुकानाच्या प्रकाराला न लावता खरेदीच्या आकाराला लावावा. ठरावीक उलाढालीच्या वर गेलात की संहितेत आलात, मग तुमचं शोरूम असो, गोदाम असो की कळमन्यातली पेढी.

हे दिल्लीवरच सोडलं पाहिजे असं नाही. बाजार हा राज्यघटनेच्या राज्यसूचीतला विषय आहे, राज्यांतर्गत व्यापारही त्याच सूचीत आहे; अन्नधान्याचा व्यापार समवर्ती सूचीत असल्याने केंद्राच्या कायद्याशी मेळ घालावा लागेल, इतकंच. डिसेंबरात अख्खं विधिमंडळ नागपुरात मुक्कामाला येतं. सिव्हिल लाइन्समध्ये गाड्यांची रांग लागते, मोर्चे टेकडी रोडवर अडवले जातात. त्या मोर्च्यांत लहान पुरवठादार मला कधी दिसला नाही. त्याचं कारण कळमेश्वरच्या त्या गृहस्थांनी सांगितलेलंच आहे, आणि म्हणूनच मोर्चा निघण्याची वाट न पाहता एखाद्या आमदाराने खासगी विधेयक मांडायला हरकत नाही.

खर्चाची सबब पुढे येईल. ब्रिटनमध्ये त्या अधिकाऱ्याच्या कचेरीचा खर्च साखळ्यांकडूनच वसूल होतो. सरकारी तिजोरीवर बोजा नाही. आपल्याकडेही तसंच करावं, आणि ज्या साखळीविरुद्ध चौकशी जास्त तिच्याकडून जास्त. नेमणुकीबद्दलही त्यांच्याकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथल्या पहिल्या अधिकारी क्रिस्टीन टॅकन सहकारी संस्थेच्या शेतीव्यवसायाची धुरा सांभाळून आलेल्या होत्या. माल कसा पिकतो, कसा नाकारला जातो आणि बिलातून काय कापलं जातं, हे त्यांना शिकवावं लागलं नाही. आपल्याकडे असं पद निर्माण झालं की पहिल्या आठवड्यात निवृत्त सचिवांची यादी तयार होते. ती यादी या वेळी फाइलीतच राहू द्यावी.